डिस्पोजलच्या जीपला ‘मिलिटरी रंग’ द्यायचाय? डबा घेण्याआधी जुना रंग खरवडून बघा

सातारा/सांगली : वडाप बंद झालं, पोरं मोठी झाली, पण जीप अजून गोठ्याच्या मागं पत्र्याखाली उभी आहे. वर पांढरा रंग, त्याखाली निळा, त्याखाली आणखी काहीतरी. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत अशा गाड्या अजून बघायला मिळतात. यातल्या काही मूळच्या डिस्पोजलच्या, म्हणजे लष्करानं सेवेतून काढलेल्या आणि कुणीतरी लिलावात घेतलेल्या. आता घरातलं एखादं पोरगं मोबाईलवर व्हिडिओ बघतं आणि ठरवतं, ‘आजोबांची जीप पुन्हा मिलिटरी कलरमध्ये करायची.’

पुढचं साधारण ठरलेलं असतं. ग्राइंडर लावून सगळा जुना रंग उडवायचा, दुकानात जाऊन ‘मिलिटरी हिरवा द्या’ म्हणायचं आणि दुकानदार देईल तो इनॅमलचा डबा आणून मारायचा. आठ दिवस जीप झकास दिसते. दोन पावसाळे गेले की बॉनेट पोपटी किंवा राखाडी पडतं, हात लावला तर पांढरी भुकटी येते, कडेनं गंज फुगतो. आणि ग्राइंडरनं जे उडवलं, तो गाडीचा मूळचा रंग, तो काही परत येत नाही. खरं तर रंग जुळवायला लागणारा एकमेव भरवशाचा पुरावा तोच होता.

आधी कायदा, मग रंग

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून इतर कुठलंही मोटार वाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. गाडी पूर्वी लष्करात होती, हे कारण चालत नाही. लिलावात विकली गेली त्या दिवसापासून ती खासगी गाडी झाली.

दुसरं म्हणजे आरसी बुकात रंगाचा रकाना असतो. पांढऱ्या रंगाची नोंद असलेली गाडी दुसऱ्या कुठल्याही रंगाची करायची, तर ती नोंद बदलून घ्यावी लागते. नाहीतर विमा आणि पासिंगच्या वेळी अडकायला होतं. म्हणून डबा विकत घेण्याआधी साताऱ्याचं, कराडचं किंवा सांगलीचं, जे आपलं असेल त्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारलेलं बरं. एजंटानं तोंडी ‘होतंय की’ म्हटलं त्यावर जाऊ नये.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ती आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार रुपये फी आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या बाजाराला नाही आणि भाड्याला तर नाहीच. ही नोंदणी आणि रंगाचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळं रंगाचं वेगळं विचारायचं.

मग करायचं काय? ज्यांना गाडी रस्त्यावर फिरवायची आहे, त्यांनी तिचा नागरी आयुष्यातला रंग ठेवावा किंवा ऑलिव्ह ग्रीन सोडून दुसरा रंग नोंद करून घ्यावा. ज्यांची गाडी अंगणात, शाळेत, स्मारकाजवळ नुसती उभी राहणार आहे, त्यांनी खुशाल मूळ रंगाच्या मागं लागावं, पण तिथंही आधी विचारूनच. बाण काढलेली लष्करी नंबरप्लेट आणि चालू पलटणीची चिन्हं मात्र कुठल्याच गाडीवर नकोत. हौस म्हणून केलेलं असलं तरी नाक्यावरच्या पोलिसाला ते कसं कळणार?

गाडी कोणाची, कुठल्या सालातली

‘मिलिटरी हिरवा’ असा एकच रंग जगात नाही. देश बदलला, साल बदललं की रंग बदलतो. त्यामुळं आधी गाडी ओळखायची.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्या अशा कितीतरी गाड्या युद्धानंतर इकडंच विकल्या गेल्या. या युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. नंतरच्या नागरी मॉडेलला सात. स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्रानं मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं उंच बॉनेटची सीजे-३बी इथंच बनू लागली. लष्करानंही जीपगाड्या भरपूर वापरल्या. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरणजवळ हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या तोफेनंच.

त्यानंतर जोंगा. १९६९ पासून १९९९ पर्यंत जबलपूरच्या कारखान्यात बनलेली ही गाडी निस्सानच्या पेट्रोल नावाच्या मॉडेलवरून घेतलेली. शक्तिमान ट्रक १९५९ पासून जर्मन कंपनीच्या परवान्यानं बनला. निवृत्त जवानांच्या घरात या दोन्ही नावांच्या आठवणी हमखास निघतात.

आता रंग. युद्धातली अमेरिकन जीप ‘ऑलिव्ह ड्रॅब’ रंगाची असे. हा तपकिरीकडं झुकणारा मातकट हिरवा, अजिबात न चमकणारा. सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटवरचा नंबर पांढरा नसून फिक्या निळसर रंगात असे, लांबून तो दिसतही नसे. युद्धानंतर ब्रिटिशांनी आपल्या गाड्या ‘डीप ब्राँझ ग्रीन’ या गर्द, काळपट आणि चांगल्या चकचकीत हिरव्यात रंगवल्या. या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर एक शेणकाल्यासारखी आणि दुसरी ओल्या शेवाळासारखी दिसेल, आणि दोन्हीही ‘मिलिटरी’च.

रंगांना नंबर असतात. ब्रिटिशांच्या यादीत डीप ब्राँझ ग्रीन म्हणजे २२४. आपल्याकडं भारतीय मानक संस्थेचं ‘आयएस ५’ हे रंगांचं मानक आहे, त्यात ऑलिव्ह ग्रीनचा नंबर २२०. अमेरिकेनं १९५६ मध्ये पाच आकडी नंबरांची यादी काढली. तिच्यात पहिला आकडा चमक सांगतो. १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे अर्धवट, ३ म्हणजे मॅट. म्हणून २४०८७ आणि ३४०८७ हा रंग एकच, चमक वेगळी.

दुकानात ‘मिलिटरी हिरवा’ म्हणण्यापेक्षा ‘आयएस ५ चा २२०’ म्हणणं शंभर पटीनं बरं. पण नंबर म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. लष्कराची खरेदी स्वतःच्या मोजमापांवर चालते, कारखान्यागणिक आणि सालागणिक थोडा फरक पडतो, आणि डेपोत पुन्हा रंगवताना जो डबा हाताशी होता तो वापरला जायचा. नंबरानं फक्त गाव सापडतं, घर शोधायला खरवडावंच लागतं.

कांद्यासारखे थर

रंगाचा पुरावा गाडीतच असतो, फक्त पेंटरची गन जिथं पोचली नाही तिथं बघायचं. डॅशबोर्डच्या मागची बाजू, सीटखालची पेटी, हत्यारांच्या डब्याच्या झाकणाचा आतला भाग, बॉनेटच्या बिजागरीखाली, कंपनीची पितळी पट्टी काढल्यावर तिच्यामागं. पट्टी काढताना रिव्हेट जपून काढावेत, कारण ती पट्टी हरवली तर गाडीची ओळखच गेली.

बाहेरच्या अंगावर थर बघायचे असतील तर ग्राइंडर नको. चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी गोल गोल घासायचा, मग आठशे आणि हजार नंबरचा. मधोमध पत्रा दिसेपर्यंत घासलं की भोवती एकात एक कडी दिसतात, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशा. सगळ्यात आतलं कडं प्रायमरचं, त्याच्या बाहेरचा पहिला रंग कारखान्यातला. त्यानंतर डेपोतले रंग, मग वडापचा निळा, मग लग्नात मारलेला पांढरा. गाडीच्या चार-पाच जागी असं करावं, कारण एखादं मडगार्ड दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असू शकतं.

बॉनेटच्या बाजूला आणि मागच्या फळीवर तर फारच हळू घासायचं. तिथं जुन्या पांढऱ्या रंगातला लष्करी नंबर किंवा पलटणीची खूण खाली दडलेली असते. सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी हे गाव सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात एखाद्या गाडीच्या रंगाखाली कोणत्या पलटणीची खूण निघेल सांगता येत नाही. निघाली तर आधी फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

एक गंमत लक्षात ठेवायची. जुने रंग अळशीसारख्या तेलांपासून बनायचे. असा रंग अंधारात राहिला की पिवळा पडतो. त्यामुळं पेटीच्या आतला रंग मूळ रंगापेक्षा जरा पिवळसर दिसतो. तो तुकडा थोडे दिवस उन्हात ठेवला तर बराचसा पिवळेपणा उतरतो. याउलट बॉनेटवरचा रंग उन्हानं उडालेला असतो. म्हणून नमुना झाकलेल्या जागेचा घ्यायचा आणि ऊन दाखवून मगच जुळवायचा.

घासणं कोरडं करू नये. त्या काळच्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडं घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, जुन्या गाड्यांचे रंग त्याच्या कितीतरी आधीचे. पाणी मारून घासावं, तोंडाला चांगला मास्क लावावा, आणि लहान पोरं, कोंबड्या, जनावरं जवळ नसावीत. धूळ गोळा करून पिशवीत भरावी, उकिरड्यावर टाकू नये. तो उकिरडा शेवटी रानातच जातो.

हिरवा रंग न घालता हिरवा

ऑलिव्हबद्दल बऱ्याच पेंटरांनाही नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे तो बनवायला हिरवा रंग लागत नाही. पिवळ्यात काळा घातला की ऑलिव्ह तयार होतो. अमेरिकन सैन्याचा मूळ ऑलिव्ह ड्रॅब पिवळी माती आणि काळा यांच्याच मिश्रणातून आलेला आहे. विश्वास बसत नसेल तर पिवळ्या ऑइलपेंटमध्ये काडीनं थोडा काळा मिसळून बघा.

टिकाऊपणाचं अर्धं उत्तर इथंच आहे. हा पिवळा कशाचा, यावर सगळं अवलंबून आहे. लोखंडाच्या ऑक्साइडचा पिवळा, म्हणजे यलो ऑक्साइड, ही एक प्रकारे मातीच. ऊन तिचं काही बिघडवत नाही. काळ्याचंही तसंच, तो काजळीचा. पण दुकानातल्या मशीनमध्ये भडक पिवळे आणि हिरवे टिंटर असतात, त्यातले काही स्वस्त टिंटर उन्हात उडतात. पिवळा उडाला की मागं निळसर-राखाडी उरतं. जत-आटपाडीच्या उन्हात दोन वर्षांत रंग बदलला अशी तक्रार येते, त्यामागं बहुतेक वेळा हे असतं. म्हणून टिंटिंगवाल्याला स्पष्ट सांगायचं, ‘ऑक्साइडच्या पिवळ्यावर आणि काळ्यावर जमवा, लागलाच तर तांबडा ऑक्साइड थेंबभर.’ तपकिरी झाक त्या थेंबानं येते.

आजकालच्या लष्करी रंगात आणखी एक भानगड असते. झाडाचं पान डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण जोरात परत फेकतं, साधा हिरवा रंग तसं करत नाही. त्यामुळं त्या किरणांवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साध्या रंगाची गाडी झाडीत काळी उठून दिसते. म्हणून सैन्याच्या रंगात पानासारखं वागणारी वेगळी रंगद्रव्यं घालतात. आपल्या जीपला त्याची काही गरज नाही, आणि ‘ओरिजिनल आर्मी पेंट’ म्हणून कुणी चढ्या भावानं डबा विकत असेल तर त्यापासून लांब राहिलेलंच बरं.

साडी दुकानाबाहेर नेऊन बघतात तसं

लग्नाचा बस्ता बांधताना बायका साडी ट्यूबलाइटखाली पसंत करत नाहीत, दाराशी उजेडात नेऊन बघतात. रंगाचंही तेच. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले दोन रंग ट्यूबखाली अगदी एक दिसतात आणि उन्हात गेले की फारकत घेतात. ऑलिव्हमध्ये हे जास्तच होतं.

दुसरी फसगत मोबाईलची. कराडच्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून ‘हा कलर करून ठेवा’ म्हणणारे बरेच आहेत. मोबाईलचा कॅमेरा उजेड बघून रंग स्वतःच बदलतो, समोरच्याची स्क्रीन आणखी बदलते. फोटोवरून मातकट हिरवा कधीच जुळत नाही. त्यापेक्षा गाडीचा सुटणारा भाग, हत्यारपेटीचं झाकण किंवा एखादी पट्टी, पिशवीत घालून एसटीनं न्यावी.

सातारा, कराड, सांगली, मिरज, कोल्हापूरला टिंटिंग मशीन असलेली दुकानं आहेत. काहींकडं रंग वाचणारं यंत्रही असतं. ते यंत्र सपाट, स्वच्छ, नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर ठेवलं की जवळचं सूत्र देतं. जवळचं, अगदी तेच नव्हे. जुना रंग मळलेला किंवा खरखरीत असेल तर वाचन चुकतं, म्हणून आधी ती जागा बारीक वॉटर पेपरनं घासून, पुसून घ्यायची.

सूत्र मिळालं की लगेच चार-पाच लिटर करायला सांगू नये. पाव लिटर करून घ्यायचं आणि वीतभर पत्र्याच्या तुकड्यावर मारायचं. ब्रशनं नव्हे, ज्या गननं गाडी मारणार त्याच गननं आणि त्याच प्रायमरवर. ओला रंग आणि वाळलेला रंग यात फरक असतो, मॅट रंग तर वाळल्यावर चांगलाच फिका होतो. एक दिवस वाळू द्यायचा. मग तो पत्रा जुन्या रंगाला चिकटवून सकाळी दहाच्या उन्हात, ढगाळ उजेडात आणि सावलीत, तीन वेळा बघायचा. पिवळट वाटला तर काळ्याचा थेंब, निळसर वाटला तर पिवळा. दोन-तीन पत्र्यांत जमतं.

यासाठी आणखी एक जोडी डोळे मदतीला घ्यायची. गावात ईएमईमधून, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागातून निवृत्त झालेलं कुणीतरी असतंच. वीस वर्षं तो रंग ज्यांनी रोज बघितला, त्यांना पत्रा दाखवला की ते एका शब्दात सांगतात, ‘हा नव्हं.’

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय हे बघायलाच पाहिजे असं ठिकाण आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात महायुद्धापासूनचे रणगाडे, आपला विजयंता, १९६५ मध्ये हाती लागलेला पॅटन असं बरंच काही आहे. गाड्यांची ठेवण आणि खुणा बघायला त्यासारखी जागा नाही. पण तिथल्या रंगावरून नमुना घेऊ नये. उघड्यावरच्या गाड्या वेळोवेळी रंगवाव्या लागतात, त्यामुळं आज दिसतो तो रंग लढाईतलाच असेल असं नाही.

पसंत पडलेला रंग एकाच वेळी पुरता करून घ्यायचा. जीपला आत-बाहेर मिळून चार-पाच लिटर धरून चालावं. दोन वेळा केला तर दोन बॅचमध्ये फरक पडतो. डबे वेगळे आलेच तर सगळे एका बादलीत ओतून एकत्र ढवळायचे, नाहीतर डावं दार वेगळं आणि उजवं वेगळं दिसतं.

चमक किती

रंग बरोबर जमला आणि चमक चुकली तरी गाडी खोटी दिसते. युद्धातल्या गाड्या मॅट, कारण चमकणारी काच किंवा बॉनेट मैलभरावरून दिसतं. शांततेच्या काळात मात्र गाड्या चमकवतात, २६ जानेवारीच्या संचलनात सगळे बघतातच. म्हणजे जीप कुठल्या काळातली दाखवायची, यावर चमक ठरते.

टिकण्याच्या हिशेबानं पूर्ण मॅट सगळ्यात नाजूक. त्यात चमक मारण्यासाठी बारीक पावडर घातलेली असते, पृष्ठभाग खरखरीत राहतो, धूळ आणि हाताचं तेल धरून ठेवतो. पॉलिश लावलं की तेवढीच जागा चमकते आणि कायमचा डाग पडतो. ओरखड्यावर तुकडा मारून जमत नाही, सगळा पॅनल पुन्हा मारावा लागतो. उघड्यावर राहणाऱ्या गाडीला अर्धमॅट हा मधला रस्ता बरा. अंड्याच्या टरफलाला असते तेवढीच चमक. मॅट डबा मारताना सारखा ढवळत राहायचा, पावडर तळाला बसली की अर्धी गाडी चमकते आणि अर्धी नाही.

जुनी सवय म्हणून डिझेलचं किंवा जळक्या ऑइलचं फडकं गाडीवरून फिरवणारे अजून आहेत. रंग चार दिवस गर्द दिसतो खरा, पण त्यावर धूळ बसून थर होतो, आणि पुढं कधी रंगवायचं झालं तर नवा रंग तिथं धरत नाही.

टिकतो तो खालचा थर

साधं इनॅमल स्वस्त, ब्रशनंही बसतं, पण उन्हात लवकर भुकटी होतं. दोन डब्यांचं पीयू, म्हणजे रंग आणि हार्डनर मिसळून मारायचं ते, महाग पडतं, पण ऊन-पाऊस-डिझेल सगळं सोसतं. मॅट आणि अर्धमॅटमध्येही मिळतं. पैसे घालायचे तर तिथं घालावेत.

पण वरचा रंग कितीही भारी असला तरी खालची तयारी कच्ची असेल तर उपयोग नाही. गंज पूर्ण काढायचा, कोपऱ्यात राहिलेल्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर. पातळ पत्र्यावर जोरात सँडब्लास्टिंग केलं तर पत्रा लाटेसारखा वाकतो, ते चॅसिसला ठीक. मग इपॉक्सी प्रायमर. अनेक गॅरेजमध्ये रेड ऑक्साइड मारून त्यावर पीयू चढवतात. पीयूचा थिनर तेज असतो, साधा रेड ऑक्साइड खालून उचलला जातो आणि रंगाला सुरकुत्या पडतात. जुना रंग ठेवूनच वर मारायचं असेल तर थिनरचं फडकं मिनिटभर दाबून बघावं. रंग फडक्याला लागला तर त्यावर पीयू नको.

लांबी, म्हणजे पुट्टी, कमीत कमी. या गाड्या कधी गुळगुळीत नव्हत्याच. वेल्डिंगच्या रेघा, पत्र्याच्या बारीक लाटा तशाच राहू द्याव्यात.

हवामानाचंही गणित आहे. महाबळेश्वरकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तर आटपाडी-जतकडं पाचशेच्या आसपास. तिकडं ओल आत शिरते, म्हणून दारांच्या आतल्या पोकळीत आणि चॅसिसला मेण किंवा ग्रीससारखं संरक्षण हवं. इकडं ऊन आणि धूळ. रंगवायला दोन्हीकडं दिवाळीनंतरचे महिने चांगले, पण पहाटे दव असतं, त्यामुळं पत्रा कोमट होईपर्यंत थांबायचं. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर रंग पोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. कृष्णाकाठी आणखी एक अडचण. हिवाळा म्हणजे कारखान्यांचा गळीत हंगाम, वरून काजळी पडते, शेजारच्या रानात पाचट पेटवतात. उघड्यावर मारलेल्या ओल्या रंगावर ती काजळी बसली की सगळं मुसळ केरात. बंद शेड बघावी, जमीन ओली करून घ्यावी.

आणि पेंटरची काळजी. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गन मारताना ते फुप्फुसात गेलं तर दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढं थोड्याशा वासानंही त्रास होतो. तोंडाला रुमाल किंवा टॉवेल बांधून त्याला अडवता येत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मास्क लागतो, तो नसेल तर ज्या गॅरेजकडं सोय आहे तिथंच काम द्यावं. रंगावर हजारो रुपये घालवणाऱ्यानं यात काटकसर करू नये.

चबुतऱ्यावरचे रणगाडे आणि तोफा

गावच्या चौकात, शाळेसमोर, स्मारकाजवळ सेवेतून काढलेला रणगाडा किंवा तोफ उभी असली की १५ ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात तिला रंग चढतो. बहुतेक ठिकाणी जुन्या रंगावरच चकचकीत हिरवा, नळीला चंदेरी, चाकांना काळा. दरवर्षी एक थर. दहा वर्षांत अक्षरं बुजतात, नटबोल्ट गोल होतात, आणि थराखाली पाणी साचून लोखंड सडतं. इथं रस्त्याचा प्रश्न नसतो, म्हणून मूळ रंग द्यायला मोकळीक जास्त. दरवर्षी पातळ थर मारण्यापेक्षा एकदाच सगळं काढून इपॉक्सी आणि पीयू केलं तर पुढची बरीच वर्षं नुसतं साध्या पाण्यानं धुणं पुरतं. त्याआधी तळातली पाणी जायची भोकं मोकळी करून घ्यावीत. ती बुजलेली असली तर कुठलाही रंग टिकत नाही.

काम झालं की उरलेला पाव लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यावर सूत्र, दुकानाचं नाव आणि तारीख लिहून ठेवावा. हार्डनर एकदा उघडला की दमट हवेनं जेली होतो, तो ठेवून उपयोग नाही. आणि सुरुवातीला नाण्याएवढ्या घासलेल्या त्या जागांपैकी एक, डॅशबोर्डखालची, टेप लावून तशीच सोडावी. नवा रंग तिच्यावर मारू नये.